पासवर्ड दाराला की कपाटाला?

लॅपटॉप चालू केल्यावर, विंडोज यायच्याही आधी, काळ्या पडद्यावर मागितला जातो तो पासवर्ड तुमच्यापैकी किती जणांनी लावलाय? मी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी लावला आणि निर्धास्त झालो. मुलाखतींची सगळी रेकॉर्डिंग्ज त्यातच होती. मग मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्या पोराने हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, आणि दोन मिनिटांत माझे सगळे फोल्डर समोर! पासवर्ड कुणी विचारलाच नाही. हे असं का, ते इतिहासात गेलं की कळतं.

१९६० च्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएस प्रणालीत पासवर्ड होते, कारण एकच संगणक अनेक जण वापरायचे. १९८१ च्या आयबीएम पीसीला मात्र पासवर्ड नव्हता. एका माणसाचं मशीन, लपवायचं कुणापासून? पण ऑफिसात तेच मशीन चार जणांच्या हाताखालून जायला लागलं.

म्हणून १९८४ च्या पीसी एटीला आयबीएमने चक्क किल्लीचं कुलूप दिलं. किल्ली फिरवली की कीबोर्ड बंद, आणि मशीनचं झाकणही उघडत नसे. त्याच मशीनमध्ये घड्याळाची एक छोटी चिप होती. तिच्यात ६४ बाइट मेमरी: १४ घड्याळासाठी, उरलेले ५० मशीनच्या सेटिंग्जसाठी. वीज बंद असली तरी हे सगळं बॅटरीवर टिकायचं. १९८७ च्या पीएस/२ मालिकेत सुरुवातीचा पासवर्ड आला, तो अशाच बॅटरीवरच्या मेमरीत बसला.

आता गंमत बघा. बॅटरी काढली की मशीन पासवर्डच विसरणार! म्हणजे पासवर्डची खरी राखण झाकणाचं कुलूप करत होतं. पुढच्या काळात कॅबिनेटवरचं कुलूप हळूहळू गायब झालं, पासवर्ड तेवढा उरला. माझ्या मते खरी गफलत इथे झाली. त्यात १९९० च्या दशकात अवॉर्ड कंपनीच्या बायोसचे 'कुठेही चालणारे' पासवर्ड लोकांना तोंडपाठ होते, ते वेगळंच.

आणि मुळात हा पासवर्ड मशीन सुरू होणं अडवतो. डिस्कवरची अक्षरं तशीच उघडी राहतात. ती गुप्त करायची तर डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते. विंडोजमध्ये ती सोय, बिटलॉकर, व्हिस्टाबरोबर आली. त्यालाही २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी धक्का दिला: वीज बंद झाल्यावरही रॅममधला मजकूर लगेच पुसला जात नाही, चिप गार केली तर आणखी टिकतो, आणि त्यातून एन्क्रिप्शनची किल्ली काढता येते. त्यामुळे लॅपटॉप नुसता 'स्लीप'वर टाकून प्रवासाला निघू नका, पूर्ण बंद करा.

माझ्या नैतिकता समितीच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं, 'डेटा पासवर्डने सुरक्षित आहे.' ज्यांनी विश्वासाने माझ्याशी बोलणं केलं, त्यांना दाखवलेल्या संमतीपत्रातही तेच वाक्य होतं. दुरुस्तीच्या दुकानातून आल्यावर मी डिस्क एन्क्रिप्ट केली आणि दोन्हीकडचं वाक्य बदलून घेतलं.