लाखेचा हात

जुन्या शिसवी कपाटावर हात फिरवताना आपल्याला वाटतं, हा हात लाकडावर फिरतोय. पुष्कळदा तो लाखेवर फिरत असतो, बरं का!

पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या बारीक किड्याचं राळेसारखं कवच म्हणजे लाख. महाभारतातल्या लाक्षागृहामुळे ती पेटते एवढं आपल्या लक्षात राहिलं. पण तिचं खरं काम घरात चाले. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोतेन याने १५९६ च्या आपल्या ग्रंथात ते नोंदवलं आहे. कातारी लाकूड गरगर फिरवतो, त्यावर लाखेचा तुकडा टेकवतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला धरते. पलंगाचे खूर असे रंगत.

पुढे युरोपात लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, फडक्याच्या बोळ्याने पातळ हात देण्याची पद्धत आली. हेच फ्रेंच पॉलिश. एकोणिसाव्या शतकात त्याची एवढी चलती झाली, की इंग्लंडमध्ये मेण-तेलाने जपलेलं जुनं सामानही खरवडून चकचकीत केलं गेलं. आता बघा, हेतू काळजीचा आणि परिणाम पुसून टाकण्याचा!

विसाव्या शतकात नायट्रोसेल्युलोज लॅकर आणि मग पॉलियुरेथेन आलं. पॉलियुरेथेन टणक खरं. पण एकदा वाळलं की स्पिरिटला दाद देत नाही. बिघडलं तर बहुधा घासूनच काढावं लागतं. लाख मात्र स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. नवा हात जुन्यात मिसळतो. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या कारागिराचं काम आजचा कारागीर पुढे नेऊ शकतो.

याच गुणात तिचा दुबळेपणाही आहे. अल्कोहोल असलेल्या सॅनिटायझरने टेबल पुसलं, तर पॉलिश सुटतं. गरम कप ठेवला, की पांढरा डाग पडतो. म्हणून रोज कोरडं मऊ फडकं, लागलंच तर घट्ट पिळलेलं, आणि लगेच कोरडं पुसणं. कधीमधी मेणाचा अगदी पातळ हात. पॉलिशची जात कळत नसेल, तर मागच्या बाजूला, न दिसेल अशा जागी, स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झालं, तर बहुधा लाख आहे.

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी एवढं जरूर करा. घासून गेलेला थर परत आणता येत नाही. स्वच्छ करणं आणि नवं करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.