बोंडूच्या रसात गूळ की साखर?

मार्च उजाडला की सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या काजूबागांत बोंडूंचा सडा पडतो. बी काढून घेतली की बहुतेक बोंडू झाडाखालीच कुजतात. त्यांची वाइन व्हावी, हा विचार चांगलाच आहे. पण त्यासोबत एक मत ठामपणे ऐकू येते: रसात साखर घालू नये, गूळ किंवा मध घालावा. साखर रासायनिक, गूळ नैसर्गिक; गुळाने वाइन कडकही होते आणि पौष्टिकही.

साखरेपेक्षा गुळात लोह आणि इतर क्षार अधिक असतात, हे खरे. म्हणूनच जेवणाच्या ताटात गुळाची बाजू मीही घेईन. आंबवणीच्या भांड्यात मात्र हे मत टिकत नाही.

आधी कडकपणा पाहू. गूळ आणि साखर दोन्हींतला मुख्य घटक एकच, सुक्रोज. यीस्ट आपल्या इन्व्हर्टेज या विकराने त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते व त्यातून अल्कोहोल तयार होते. सुक्रोज गुऱ्हाळातले की कारखान्यातले, याने यीस्टला फरक पडत नाही. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल मिळते. बोंडूच्या रसात मुळात दहा-बारा टक्के साखर धरली, तर वाइन साडेसहा टक्क्यांच्या आसपास थांबते. ती ११ टक्क्यांवर न्यायला लिटरमागे ७५ ते ८० ग्रॅम साखर पुरते. गूळ याहून जास्तच लागतो, कारण त्यात पाणी आणि न आंबणारी द्रव्येही असतात. कडकपणा मापाने ठरतो, प्रकाराने नव्हे.

पौष्टिकतेचेही तसेच. लिटरला ९० ग्रॅम गूळ घातला, तर दीडशे मिलिलिटरच्या पेल्याच्या वाट्याला जेमतेम १३-१४ ग्रॅम येतो. तेवढ्या लोहासाठी मद्याला औषध म्हणणे योग्य नाही.

खरा फरक पडतो तो चवीत. साखर आंबून गेली की मागे स्वतःचा वास ठेवत नाही. गूळ काकवीचा वास, खारटपणा आणि काळपट रंग ठेवून जातो. बोंडूचा गंध नाजूक, त्यात टॅनिनमुळे रस घसा धरतो. वरून गूळ पडला की फळ हरवलेच. मधात यीस्टला लागणारा नायट्रोजन फार कमी असतो, त्यामुळे जास्त मध घातल्यास आंबवण रेंगाळते.

मग करावे काय? बोंडू त्याच दिवशी वेचलेला घ्यावा, रस साबुदाण्याच्या पेजेने निवळावा, गोडी मापकाने मोजावी आणि उणी असेल तेवढीच साखर घालावी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शाप्ताल याने १८०१ मध्ये द्राक्षरसात साखर मिसळण्याचा पुरस्कार केला, तोही फळाची उणीव भरण्यासाठीच. शेजारच्या गोव्यात तर हुर्राक आणि फेणीसाठी बोंडूचा रस बाहेरची साखर न घालताच आंबवतात. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली काजू फेणी त्याच रसाची.

गुळाची वाइन करायची तर ती गुळाची म्हणून करावी आणि तसेच नाव द्यावे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य करता येत नाही, म्हणून बागायतदारांनी रीतसर परवाना घेऊनच यात उतरावे. आणि बाटलीवर बोंडूचे नाव लिहिणार असाल, तर आत चवही बोंडूचीच असली पाहिजे.