बॅलेतील स्त्री-पुरुषांची वहिवाट

लुकास डोंट या बेल्जियन दिग्दर्शकाचा 'गर्ल' हा पहिलाच दीर्घ चित्रपट २०१८ साली कानच्या महोत्सवात दाखविला गेला आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठी राखून ठेवलेला 'कॅमेरा दोर' हा सन्मान त्याला लाभला. जन्मतः मुलगा ठरविली गेलेली, परंतु अंतर्बाह्य मुलगी असलेली आणि मुलगी म्हणूनच जगणारी पंधरा वर्षांची लारा ही त्याची नायिका. तिला बॅलेरिना व्हायचे आहे, आणि तेवढ्यासाठी तिचा बाप तिला व तिच्या धाकट्या भावाला घेऊन, बिऱ्हाड हलवून ब्रुसेल्सला येतो. तेथील एका नामांकित नृत्यशाळेत आठ आठवड्यांच्या परीक्षेच्या बोलीवर तिला प्रवेश मिळतो. वर्गातल्या इतर मुलींनी जे कसब लहानपणापासून पायांत मुरविले आहे, ते पायांच्या बोटांच्या अग्रावर साऱ्या देहाचा भार तोलून नाचण्याचे कसब तिला आता उशिरा आणि घाईने हस्तगत करावयाचे असते. ती बोटांना पट्ट्या गुंडाळते, त्यांवर ते साटीनचे ताठ पादत्राण चढविते, आणि ते उतरविल्यावर रक्ताळलेली बोटे कॅमेरा आपल्याला अगदी जवळून दाखवितो.

चित्रपटातली शाळा निर्दय नाही. परंतु ज्या मुलीच्या हकिकतीवरून हा चित्रपट दिग्दर्शकाला सुचला, जिच्याविषयीची बातमी त्याने २००९ साली वर्तमानपत्रात वाचली होती, तिला मुलींच्या वर्गात तालीम घेण्याची मुभाच शाळेने नाकारली होती. मुलांनी उंच झेपा घ्याव्यात, हवेत दोन गिरक्या पुऱ्या कराव्यात, जोडीदारणीला उचलावे. मुलींनी बोटांच्या अग्रावर तरंगावे. ही वाटणी बॅलेच्या शाळांतून इतकी पक्की झालेली आहे की ती निसर्गाने घालून दिली असावी, असे शिकणाऱ्यालाच नव्हे तर शिकविणाऱ्यालाही वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की ती निसर्गाची नव्हे, ती वहिवाट आहे, आणि ती केव्हा पडली हे इतिहासाच्या दप्तरात बऱ्याच स्पष्टपणे नोंदलेले आहे.

बॅलेचा उगम दरबारी, आणि दरबारात नृत्य हे मुख्यतः पुरुषांचे भूषण होते. १६५३ साली 'बॅले द ला न्युई' या रात्रभर चालणाऱ्या खेळात फ्रान्सचा चौदावा लुई, पंधरावे वर्षही पुरे झालेले नसताना, सोनेरी वेष परिधान करून उगवत्या सूर्याच्या रूपाने नाचला, आणि पुढे 'सूर्यराजा' म्हणूनच तो ख्यातनाम झाला. १६६१ मध्ये त्याने सनद देऊन तेरा नृत्यगुरूंची शाही अकादमी स्थापन केली. दरबारातील समारंभांत उमरावांच्या स्त्रिया नाचत असत, हे खरे; परंतु धंदेवाईक नर्तक होते ते बहुतेक पुरुषच, आणि अप्सरा, देवता, ग्रामकन्या यांची सोंगे मुखवटे चढवून, झगे घालून तेच वठवीत. पॅरिसच्या ऑपेराच्या सार्वजनिक रंगमंचावर धंदेवाईक नर्तकी प्रथम दिसल्या त्या १६८१ साली, ल्युली या संगीतकाराच्या 'प्रेमाचा विजय' या अर्थाच्या नावाच्या बॅलेमध्ये. त्यांतील अग्रणी मादमोआझेल द ला फोंतेन हिला पहिली धंदेवाईक बॅले-नर्तकी मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे ज्या कलेत आज स्त्री ही अधिष्ठात्री देवता समजली जाते, तिच्या सार्वजनिक मंचावर स्त्रीला पाऊल टाकण्यासाठी अकादमीच्या स्थापनेनंतरही वीस वर्षे थांबावे लागले.

पुढच्या शतकातील एक दाखला लक्षात ठेवण्याजोगा आहे. मारी साले ही त्या काळची अत्यंत प्रतिभावान नर्तकी १७३५ साली लंडनमध्ये हँडेलच्या 'अल्चिना' या ऑपेरात पुरुषवेषाने मदनाची भूमिका करण्यास उतरली, आणि प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडविली. स्त्रियांची सोंगे आणणाऱ्या पुरुषांना ज्या युरोपने पिढ्यान्‌पिढ्या टाळ्या दिल्या, त्यानेच त्या रात्री एका स्त्रीच्या पुरुषवेषाला नाक मुरडले.

आज आपण पाहतो ती वाटणी कायम झाली १८३२ नंतर. त्या वर्षीच्या १२ मार्च रोजी पॅरिसच्या ऑपेरात 'ला सिल्फीद' सादर झाला. फिलिप्पो ताल्योनीने तो रचला आणि त्याची कन्या मारी ताल्योनी हिने त्यातील वायुकन्येची भूमिका केली. बोटांच्या अग्रावर उभे राहण्याचे प्रयोग तिच्यापूर्वीही झाले होते, परंतु तोवर जी कसरत होती तिला तिने भावाची भाषा केले. जमिनीशी जिचा संबंध उरलेला नाही अशी स्त्री, मानवी वासनेच्या आवाक्याबाहेरची पण डोळ्यांपुढे तरळत राहणारी, ही कल्पना त्या काळच्या रसिकतेच्या इतकी अंतरंगात शिरली की नर्तकी म्हणजे हीच मूर्ती, असे समीकरण होऊन बसले. ताल्योनीचे पादत्राण म्हणजे साटीनची मऊ सपाता होती. टोकाशी व कडांना टाके घालून ती थोडी घट्ट केलेली असे, आणि बाकी सारे बळ तिच्या घोट्यांचे व पोटऱ्यांचे. आजचे पादत्राण हे त्यानंतरच्या कारागिरांचे, विशेषतः इटालियनांचे कर्तृत्व. टोकाशी कापड, कागद आणि खळ यांचे थर एकावर एक चढवून एक कडक पेटी घडवितात, तळव्याखाली ताठ पट्टी बसवितात, सारा जोड उलटा शिवून मग सुलटा करतात, आणि भट्टीत वाळवून घट्ट करतात. नर्तकी नवा जोड घेते तेव्हा प्रथम ती पट्टी हातांनी वाकविते, पेटी थोडी ठेचून मऊ करते, फिती स्वतः शिवते. आणि एवढ्या खटाटोपानंतर तो जोड पुष्कळदा एका प्रयोगातच निकामी होतो. घामाने खळ विरघळते, आणि पेटी बसते. या वस्तूत स्त्रीत्व असे काहीच नाही: खळ, कागद, कातडे, साटीन. तरीही गेली जवळजवळ दोनशे वर्षे बॅलेत स्त्री कोण, याचा निवाडा हीच वस्तू करीत आली आहे.

या घडामोडीस अर्थकारणाचेही अंग होते, आणि ते कलेच्या इतिहासकारांनी झाकू नये. १८३० च्या क्रांतीनंतर पॅरिसच्या ऑपेराचा कारभार लुई व्हेरों या गृहस्थाकडे जवळजवळ मक्त्याने सोपविण्यात आला, आणि त्याने वर्गणीदार धनिकांना नर्तकींच्या सरावाच्या दालनात प्रवेश खुला केला. ज्या मंचाचे उत्पन्न पुरुष प्रेक्षकांच्या नजरेवर अवलंबून राहिले, त्या मंचावर पुरुष नर्तक नकोसा झाला तर नवल नाही. झ्यूल जानँसारख्या वजनदार टीकाकाराने पुरुषाच्या नृत्याची उघड निर्भर्त्सना केली. मग नायकाचे काय करावे? तोही स्त्रीनेच करावा! नर्तकी फॅनी एल्सलरची उंच बहीण तेरेझ तिच्या जोडीला पुरुषाच्या भूमिकेत नाचत असे. आणि २५ मे १८७० रोजी 'कॉपेलिया' प्रथम सादर झाला तेव्हा नायक फ्रांत्स याची भूमिका यूजेनी फिओक्र या नर्तकीकडे होती. पॅरिसच्या ऑपेराने हा शिरस्ता विसाव्या शतकातही दीर्घकाळ पाळला.

रशियात झारच्या खजिन्यातून चालणाऱ्या नाटकशाळांनी पुरुष नर्तकाची इभ्रत राखली, आणि तेथूनच तो १९०९ साली दिआगिलेवच्या बॅले-मंडळीबरोबर, निजिन्स्कीच्या रूपाने, पॅरिसला परत आला. परंतु वेषांतर तेथेही होतेच. १८९० साली नृत्यरचनाकार पेतिपाच्या 'निद्रिस्त सुंदरी'त एन्रिको चेकेत्ती या नर्तकाने कारबोस ही दुष्ट परीही रंगविली आणि नीलपक्ष्याचे अवघड नृत्यही केले. 'ला फिय माल गार्दे'तील विधवा सिमोन पुरुषाने करावी हा रिवाज आजही चालू आहे. आणि १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या 'ट्रॉकाडेरो' मंडळीतील पुरुष तर साटीनची तीच पादत्राणे चढवून हंसकन्या होतात, विनोदाच्या मिषाने का होईना.

हा सारा वृत्तांत ध्यानात घेतला म्हणजे लाराची अडचण नेमकी कोठे आहे ते कळते. बॅलेने देहाला सीमा ओलांडण्यास कधीच पूर्ण मज्जाव केला नाही. मज्जाव केला तो, सोंग उतरल्यावरही पलीकडेच राहू पाहणाऱ्याला. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर जीव ओवाळून टाकणाऱ्या आपल्या समाजालाही हा भेद परका नाही. लारा सोंग मागत नाही, वर्गातली आपली जागा मागते.

चित्रपटावर झालेली टीका मला बव्हंशी रास्त वाटते. लाराची भूमिका व्हिक्टर पोल्स्टर या नृत्य शिकणाऱ्या मुलाने केली. त्याच्या अभिनयात असामान्य संयम आहे, आणि सिदी लार्बी शेरकावी याच्या नृत्यरचनेला तो पुरा उतरला आहे. पण पारलिंगी मुलीच्या कथेत पुन्हा एकदा पारलिंगी कलावंताला स्थान मिळाले नाही, ही तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही. शेवटी लारा स्वतःच्या देहाला जी इजा करून घेते, तिच्याविषयी पारलिंगी समीक्षकांनी अधिक कठोर लिहिले. जिच्या हकिकतीतून चित्रपट जन्मला, त्या नर्तकीने स्वतः जाहीरपणे त्याची पाठराखण केली, हेही नोंदविले पाहिजे. माझा आक्षेप निराळा आहे: पायांच्या वेदना इतक्या सत्यतेने दाखविणाऱ्या या चित्रपटात सारा संग्राम त्या मुलीच्या देहावर लोटला जातो, आणि ज्या वहिवाटीने तो देह अपुरा ठरविला तिला कोणी जाब विचारीत नाही.

ती वहिवाट हलू शकते, याला पुरावा चित्रपट आला त्याच वर्षी मिळाला. ट्रॉकाडेरोत चौदा वर्षे नाचलेला, स्वतःची ओळख एकाच लिंगात न बांधणारा चेस जॉन्सी २०१८ च्या जूनमध्ये लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅलेच्या 'निद्रिस्त सुंदरी'त उतरला, आणि या खेपेस ना विनोदासाठी ना सोंगासाठी, तर स्त्रियांच्या समूहातील एक नर्तक म्हणून.