‘मंडळी’ या शब्दाचा विस्तार : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील स्वागताचा प्रश्न

बायबलच्या मराठी अनुवादांत चर्चसाठी ‘मंडळी’ हा शब्द रूढ झाला. याच शब्दाने मराठी माणूस घरच्यांचा उल्लेख करीत आला आहे. एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरिताच्या दृष्टीने हे साम्य अर्थपूर्ण ठरते. कारण एक मंडळी दुरावल्यावर त्याला दुसरी मंडळी हवी असे.

धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये, अशी तरतूद 1850 च्या कायद्याने केली. तथापि पंक्ती, पाणवठा आणि नातेसंबंध कायद्याने परत मिळण्यासारखे नव्हते. बाबा पदमनजी यांनी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात श्रद्धेच्या शोधाइतकेच आप्तांपासून तुटण्याचे दुःखही नोंदले गेले आहे. धर्मांतरिताला सामावून घेणारा समुदाय ही म्हणूनच केवळ उपासनेची नव्हे, तर जगण्याची गरज होती.

हे स्वागत एकतर्फी नव्हते, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. अहमदनगर परिसरातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत महार व मांग समाजांतील सभासद मोठ्या संख्येने होते. तेथे येणाऱ्या ब्राह्मणाचे स्वागत व्हावयाचे, तर त्यालाही त्यांचे स्वागत करावे लागे. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. मधल्या काळातील त्यांची घालमेल 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त आढळते. पतीच्या घरी परतल्यावरही त्यांनी आरंभी सोवळेओवळे पाळले. जातिभेद मानवनिर्मित आहे हे मनास पटले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याची त्यांची तयारी झाली, बाप्तिस्मा त्यानंतरचा. त्यांच्या बाबतीत स्वयंपाकघरातील परिवर्तन मंदिरातील विधीच्या आधी घडले.

स्वागताचे दुसरे माध्यम गीत होते. परकीय चालींवर रचलेल्या गीतांत मराठी उपासकाला आपले घर सापडणे कठीण होते. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन या परिचित रूपांना उपासनेत स्थान दिले. भक्तिपरंपरेतील रूप आणि ख्रिस्ती आशय यांचा हा संयोग तौलनिक अभ्यासकांना केवळ प्रभावाचा नमुना वाटू नये. नवागताला स्वतःची भाषा न सोडता आत येता यावे, यासाठी केलेली ती व्यवस्था होती.

परंतु मिशनची चौकटही टिळकांना अपुरी वाटू लागली. 1917 मध्ये त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या कल्पनेला आकार दिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र यावयाचे होते. 1919 मध्ये टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग फार पुढे जाऊ शकला नाही. तरीही त्याने उपस्थित केलेला प्रश्न मूलगामी आहे : जातीची सीमा ओलांडून उभी राहिलेली मंडळी स्वतःची नवी सीमा आखत तर नाही ना? मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे मोल ठरविताना धर्मांतराच्या क्षणाबरोबरच या प्रश्नाचाही विचार व्हावयास हवा.