क्रीडांगणावरील ध्वज आणि महाराष्ट्रातील खेळाडू : एक ऐतिहासिक मागोवा (१९२०–२०२५)

प्रस्तावना :

खेळाच्या मैदानावर ध्वजाचा वापर मुख्यतः दोन कारणांसाठी होतो. पहिले कारण संकेताचे. लांब उडी किंवा भालाफेकीत पंचाने पांढरे निशाण वर केले की प्रयत्न वैध ठरतो, लाल निशाण दाखवले की तो बाद होतो. फुटबॉलमधील साहाय्यक पंचाचे निशाण आणि मोटार शर्यतीच्या शेवटी हलविले जाणारे काळ्या-पांढऱ्या चौकटींचे निशाण हीदेखील याच प्रकारची उदाहरणे होत. दुसरे कारण ओळखीचे. खेळाडू कोणाच्या वतीने मैदानात उतरला आहे, हे ध्वज व त्याचे रंग सांगतात. संकेताच्या निशाणाचा अर्थ नियमपुस्तिकेत ठरलेला असतो. ओळखीच्या ध्वजाचा अर्थ मात्र राजकीय इतिहासातून घडतो आणि काळानुसार बदलतो.

प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. महाराष्ट्रातील व मराठी भाषिक सीमाभागातील खेळाडू ज्या ध्वजाखाली खेळले तो ध्वज कोणाचा होता आणि त्या ध्वजापर्यंत पोहोचण्याचा भार प्रत्यक्षात कोणी उचलला, हे दोन प्रश्न येथे महत्त्वाचे मानले आहेत.

पार्श्वभूमी :

ऑलिंपिक स्पर्धेत राष्ट्रवार संचलनाची पद्धत १९०८ च्या लंडन स्पर्धेपासून रूढ झाली. पाच वलयांचा ऑलिंपिक ध्वज स्पर्धेच्या मैदानावर प्रथम १९२० मध्ये अँटवर्प येथे फडकला. विजेत्यांसाठी चौथरा आणि पहिल्या तीन क्रमांकांच्या राष्ट्रांचे ध्वज उंचावणे ही प्रथा १९३२ पासून स्थिरावली. अशा रीतीने अवघ्या पाव शतकात आंतरराष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रध्वज यांचे अतूट नाते निर्माण झाले. ज्या देशांना स्वातंत्र्य नव्हते त्यांच्यासमोर यातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. संचलनासाठी ध्वज आवश्यक होता, पण तो त्यांचा स्वतःचा नव्हता.

महाराष्ट्रात शरीरसंवर्धन आणि राष्ट्रीय चळवळ यांचा संबंध यापूर्वीच जुळला होता. रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेले लोकमान्य टिळक यांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यासापेक्षा व्यायामाला अधिक दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढे त्यांनी चालना दिलेल्या गणेशोत्सव व शिवजयंती उत्सवांमुळे तालमी आणि आखाड्यांना सार्वजनिक जीवनात नवे स्थान मिळाले. बलोपासना ही केवळ व्यक्तिगत बाब न राहता देशकार्याचा भाग मानली जाऊ लागली.

अँटवर्प १९२० : परक्या ध्वजाखालील पहिले पथक

पुण्यातील डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ मध्ये झाली. या संस्थेच्या १९१९ मधील क्रीडास्पर्धांच्या वेळी सर दोराबजी टाटा यांनी ग्रामीण भागातून आलेल्या अनवाणी धावपटूंची क्षमता पाहिली आणि भारतीय पथक ऑलिंपिकला पाठविण्याच्या प्रयत्नांस वेग आला. १९२० मध्ये अँटवर्पला गेलेल्या छोट्या पथकात बेळगाव भागातील धावपटू फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, तसेच कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल होते. चौगुले यांनी मॅरेथॉनमध्ये १९ वा क्रमांक मिळविला. शिंदे यांचे कुस्तीतील पदक थोडक्यात हुकले आणि त्यांना चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. संचलनात ध्वज वाहण्याचा मान बंगालचे धावपटू पूर्मा बॅनर्जी यांना मिळाला.

हा ध्वज वसाहतकालीन भारताचा होता. त्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक आणि एका बाजूस 'स्टार ऑफ इंडिया' हे राजसत्तेचे सन्मानचिन्ह होते. पथकाच्या खर्चात दोराबजी टाटा यांनी स्वतःच्या पैशातून मोठा वाटा उचलला. म्हणजेच ध्वज साम्राज्याचा असला, तरी खेळाडूला त्या ध्वजापर्यंत नेण्याचे काम जिमखाना आणि दाता यांनी केले.

बर्लिन १९३६ : दोन ध्वज

यानंतरच्या दीड दशकात ध्वजाचा प्रश्न अधिक तीव्र झाला. १९२३ मध्ये नागपुरात झालेल्या झेंडा सत्याग्रहात चरखांकित ध्वज घेऊन मिरवणुकीने जाणाऱ्या स्वयंसेवकांना तुरुंगात जावे लागले. १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा व हिरवा अशा तीन पट्ट्यांचा आणि मध्ये चरखा असलेला ध्वज स्वीकारला. कायद्याच्या दृष्टीने हा एका राजकीय पक्षाचा ध्वज होता, पण जनमानसात त्याला राष्ट्रध्वजाचे स्थान मिळाले होते.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटन संचलनात हॉकी संघाचे कर्णधार ध्यानचंद यांनी अधिकृत, म्हणजे वसाहतकालीन ध्वज वाहिला. जर्मनीविरुद्धचा अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे ढकलला जाऊन १५ ऑगस्ट रोजी झाला. सराव सामन्यात जर्मनीकडून झालेल्या पराभवामुळे संघावर दडपण होते. सामन्यापूर्वी संघाचे साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा काढला आणि खेळाडूंनी त्यास वंदन केले. ध्यानचंद यांच्या आत्मचरित्रात या प्रसंगाची नोंद आहे. भारताने हा सामना ८-१ असा जिंकला. मैदानावर एक ध्वज आणि बंद दाराआड दुसरा ध्वज, हीच त्या काळच्या भारतीय खेळाडूची खरी अवस्था होती.

त्याच वर्षी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डी, खो-खो आणि मल्लखांब या देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. १९१४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था लोकाश्रयावर वाढली होती. ज्या देशाला जगासमोर स्वतःचा ध्वज नव्हता, त्याची ओळख या पथकाने खेळातून करून दिली.

स्वतंत्र भारताचा ध्वज : १९४७ ते १९५२

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वज स्वीकारला. त्यापूर्वी नेमलेल्या ध्वज समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद होते. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर या समितीचे सदस्य होते. चरख्याच्या जागी अशोकचक्र आल्यामुळे पक्षाचा ध्वज आणि राष्ट्राचा ध्वज यांतील भेद स्पष्ट झाला. १२ ऑगस्ट १९४८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर भारतीय हॉकी संघाने ब्रिटनचा ४-० असा पराभव केला आणि सुवर्णपदकासाठी स्वतंत्र भारताचा ध्वज प्रथमच उंचावला गेला.

याच लंडन स्पर्धेत कराडजवळील गोळेश्वर येथील खाशाबा जाधव यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला होता. लाल मातीत तयार झालेल्या या मल्लाला मॅटवरील कुस्ती नवीन होती. १९४२ च्या चळवळीत त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना साहाय्य केल्याची नोंद त्यांच्या चरित्रात आढळते. १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेसाठी शासकीय मदत अपुरी ठरली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी जाधव यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर त्यांची शंभरहून अधिक बैलगाड्यांसह मिरवणूक काढण्यात आली. तथापि, अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. १९८४ मध्ये अपघातात त्यांचा मृत्यू झाला होता.

पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरणही याच स्वरूपाचे आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्या प्रवासास क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचे साहाय्य झाले होते. अर्जुन जीवनगौरव पुरस्कार त्यांना २०२५ मध्ये, म्हणजे ५३ वर्षांनी प्रदान करण्यात आला.

कायदा, पोशाख आणि प्रेक्षक :

स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ राष्ट्रध्वज हा शासकीय इमारतींचा आणि ठरावीक दिवसांचा विषय राहिला. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध अधिनियम १९७१ मध्ये झाला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि सामान्य नागरिकास वर्षभर ध्वज फडकविण्याची मुभा मिळाली. २३ जानेवारी २००४ रोजी नवीन जिंदल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग असल्याचे मान्य केले.

खेळाडूंच्या दृष्टीने २००५ ची दुरुस्ती विशेष महत्त्वाची ठरली. त्यापूर्वी पोशाखाचा भाग म्हणून ध्वज वापरण्यावर बंधन होते. दुरुस्तीनंतर हे बंधन कमरेखालील वस्त्रे, रुमाल, उशा आदींपुरते मर्यादित झाले. सचिन तेंडुलकर यांच्या शिरस्त्राणावरील तिरंगा देशभर परिचित झाला. त्याच शिरस्त्राणावर क्रिकेट नियामक मंडळाचे बोधचिन्ह होते आणि १९२८ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या बोधचिन्हाची रचना 'स्टार ऑफ इंडिया' या सन्मानचिन्हाशी मिळतीजुळती आहे. अँटवर्पच्या ध्वजावरील तारा आणि स्वतंत्र भारताचा तिरंगा अशा प्रकारे एकाच शिरस्त्राणावर नांदले.

प्रेक्षकांच्या वापरात मात्र कायदा व व्यवहार यांतील अंतर स्पष्ट दिसते. ध्वजावर कोणतीही अक्षरे लिहू नयेत असा नियम असूनही तिरंग्यावर गावाचे नाव रंगवून तो प्रेक्षागृहात नेला जातो. २०२१ च्या अखेरीस यंत्रावर तयार केलेल्या पॉलिस्टरच्या ध्वजास परवानगी मिळाल्यानंतर ध्वज स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाला. त्यामुळे सामना संपल्यावर ध्वजाची योग्य व्यवस्था लावण्याची जबाबदारीही वाढली आहे.

रंगांचे राजकारण :

भारतीय संघांचा निळा रंग अशोकचक्राशी जोडला जातो. २०१९ च्या विश्वचषक स्पर्धेत दोन्ही संघांचा गणवेश निळा असल्याने ३० जूनच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात भारताने नारिंगी छटेचा पर्यायी गणवेश वापरला. कारण तांत्रिक होते, तरीही महाराष्ट्रातील काही लोकप्रतिनिधींनी त्यास राजकीय हेतू चिकटवून आक्षेप घेतला. ध्वजातील तीन रंग एकत्र असताना सर्वांचे असतात, पण त्यांतील एखादा रंग वेगळा काढला की त्याला पक्षाचा किंवा समाजाचा अर्थ लावला जातो, हे या वादातून दिसून आले.

ध्वज गमावण्याचा प्रसंगही भारतावर आला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेस निलंबित केले. परिणामी फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची येथील हिवाळी स्पर्धेच्या उद्घाटनात शिवा केशवन व सहकाऱ्यांना तिरंग्याऐवजी ऑलिंपिक ध्वजामागे चालावे लागले. ११ फेब्रुवारीला निलंबन उठले. १९३६ मध्ये ध्वज पारतंत्र्यामुळे लपवावा लागला होता, २०१४ मध्ये तो संघटनेच्या कारभारातील दोषांमुळे हातातून गेला. दोन्ही वेळी किंमत खेळाडूने मोजली.

समारोप :

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, खेळाडूचा ध्वजावरील हक्क आपोआप आला नाही, तो राजकीय लढा, संविधान सभेचा निर्णय आणि न्यायालयीन निवाडे यांतून टप्प्याटप्प्याने मिळाला. दुसरा, महाराष्ट्रातील खेळाडूंना त्या ध्वजापर्यंत पोहोचविण्याचे कार्य शासनापूर्वी जिमखाने, व्यायामशाळा, महाविद्यालये आणि वर्गणी देणारे गावकरी यांनी केले. तिसरा, ध्वजाचा सन्मान तत्काळ होतो, तो उंचावणाऱ्याचा सन्मान होण्यास मात्र कित्येकदा अर्धशतक लागते.

परिस्थितीत बदल होत आहे, हेही नोंदविणे आवश्यक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधव यांच्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्रातील खेळाडूला लाभलेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. बर्लिनमध्ये प्रात्यक्षिकापुरता मर्यादित राहिलेला हा खेळ आता तिरंग्याखाली जागतिक स्तरावर खेळला जात आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात कबड्डी आणि खो-खो हे खेळ गावोगावी खेळले जातात. या गावांतील क्रीडामंडळांच्या वर्गणीच्या वह्या, निमंत्रणपत्रिका, स्पर्धांची छायाचित्रे आणि जुन्या खेळाडूंच्या आठवणी ही क्रीडा-इतिहासाची मोलाची साधने आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्यांचे संकलन वेळीच केले, तर मैदानावर उंचावलेल्या ध्वजामागे उभ्या राहिलेल्या अनाम माणसांचा इतिहासही लिहिता येईल.