पिकअपचा पुढचा कणा: दोनशे वर्षांचा इतिहास आणि आपली डागडुजी

आजची नोंद पिकाची नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीची आहे. खरिपाची धावपळ सुरू व्हायच्या आत आमची जुनी डिझेल पिकअप पुढून उचलून ठेवलीय. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण स्टिअरिंग चार बोटं मोकळं फिरतं, खड्ड्यातून निघाली की पुढची चाकं थरथरतात आणि टायर एका कडेने करवतीसारखे खातायत. जुन्या डिझेल गाड्यांचं हे नेहमीचंच. जड लोखंडी इंजिन पुढच्या चाकांवर बसलेलं, रस्ते आपले असे. इंजिनाआधी पुढचा भाग थकतो.

हे सांधे एकेक करून खोलताना लक्षात येतं, की प्रत्येक सांधा वेगळ्या काळातला आहे. कुठला कधी आणि कशासाठी आला हे कळलं, की त्याची दुरुस्ती कशी करायची तेही कळतं.

सुरुवात आपल्या बैलगाडीपासून करू. तिला स्टिअरिंग नाही. दोन चाकं, एक कणा. बैल वळले की गाडी वळली. अडचण आली ती चार चाकांच्या घोडागाडीत. तिथे पुढचा सबंध कणा मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. वळताना चाकं गाडीखाली जायची, आधार अरुंद व्हायचा आणि गाडी कलंडायची भीती असायची. 1817 च्या सुमारास म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या गाड्या बनवणाऱ्या कारागिराने तोड काढली: कणा जागेवरच ठेवायचा, फक्त दोन्ही चाकं आपापल्या खिळ्यावर वळवायची. इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट 1818 मध्ये त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान याने घेतलं. आज जगभर या रचनेला आकरमान स्टिअरिंग म्हणतात. कसणारा एक, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं!

त्या रचनेतली खुबी अशी, की वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं, कारण त्याला लहान वर्तुळ कापायचं असतं. त्यासाठी चाकांना वळवणारे दोन्ही हात थोडे तिरके ठेवतात. म्हणून वाकलेला स्टिअरिंग आर्म भट्टीत तापवून सरळ करणं किंवा टाय रॉडला वेल्डिंग मारणं चुकीचं. कोन बिघडतो तो बिघडतोच, शिवाय तापवल्याने पोलादाचा कस जातो. असा भाग तुटतो तेव्हा सूचना देऊन तुटत नाही. वाकलेला भाग बदलायचाच.

ही रचना मोटारीत यायलाही वेळ लागला. कार्ल बेंझच्या 1886 च्या गाडीला तीनच चाकं होती. दोन्ही पुढची चाकं अशी वळवणारी त्याची चारचाकी आली 1893 मध्ये. ज्या खिळ्यावर चाक वळतं, तोच आपला किंग पिन.

किंग पिन झिजलाय की व्हील बेअरिंग ढिलं आहे, हे ओळखायची सोपी रीत आहे. मागच्या चाकांना उटी लावा, पुढचा कणा जॅकने उचला आणि खाली घोडी ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी शिरू नका. टायर वर आणि खाली धरून हलवा. हलला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. आता हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. तरीही हलत असेल तर किंग पिन आणि बुश गेलेत. टायर डावी-उजवीकडून धरल्यावरच हलत असेल तर टाय रॉड एंड बघा.

साध्या टू-व्हील कण्यात किंग पिन पितळी बुशमध्ये फिरतो. नवे बुश दाबून बसवल्यावर वरचा आणि खालचा असे दोन्ही एकाच लांब रीमरने, एका रेषेत साफ करून घ्यावे लागतात. वेगवेगळे रीम केले तर पिन तिरका बसतो, स्टिअरिंग जड होतं आणि बुश लवकर खलास होतात. खालचं थ्रस्ट बेअरिंग आणि शिम त्याच वेळी बघून घ्यायचे. जीपच्या वळणाच्या फोर-व्हील कण्यात मात्र बुशऐवजी टेपर बेअरिंग असतात, तिथे शिम कमी-जास्त करून ताण जुळवतात. दोन्हींना एकच औषध चालत नाही.

आता पाटे. कमानीसारखे पाटे गाडीला लावायचं पेटंट इंग्लंडच्या ओबादिया एलियटने 1804 मध्ये घेतलं. पाटे फक्त वजन झेलत नाहीत, कणा जागेवर धरून ठेवायचं कामही तेच करतात. शॅकलचे बुश झिजले किंवा सेंटर बोल्ट तुटला, की कणा इंचभर सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. लोक स्टिअरिंग बॉक्सला दोष देतात, दुखणं असतं पाट्यात. पाटे खोलले तर यू बोल्ट नवे घाला आणि भरलेल्या गाडीची एक खेप झाली की पुन्हा आवळा.

आपल्याकडे ही सगळी रचना गावोगाव पोचली ती जीपमुळे. 1941 पासून युद्धासाठी बनलेल्या विलिस जीपला पुढे सबंध कणा आणि पाटेच होते. 1945 मध्ये सुरू झालेली महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी 1948 मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली, आणि त्याच सुमारास मुंबईत जीपची जोडणी सुरू झाली. पुढे त्याच घराण्यातून डिझेल पिकअप आल्या. टाटांची 407 आली 1986 मध्ये आणि टाटामोबिल पिकअप 1988 मध्ये. भाजीपाला रातोरात मोठ्या बाजारात न्यायची सवय आपल्याला या गाड्यांनी लावली.

चौथा काळ ग्रीसचा. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालणारी माणसं आपण, त्यामुळे हे वेगळं सांगायला नको. आज आपण जो ग्रीस निप्पल वापरतो, त्याचं पेटंट ऑस्कर झर्कला 1929 मध्ये मिळालं. किंग पिनला ग्रीस मारताना चाक उचललेलं ठेवा, म्हणजे भार सुटतो आणि ग्रीस थ्रस्टच्या जागी पोचतं. जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. नंतरच्या काळात बंद, बिननिप्पलचे जॉइंट आले. त्यांना ग्रीस लागत नाही याचा अर्थ देखभाल लागत नाही असा नव्हे. रबरी टोपी फाटली की आत चिखल-पाणी गेलंच समजा. तो जॉइंट दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो.

कामाचा क्रम चाकाकडून वर असा ठेवा: आधी बेअरिंग, मग किंग पिन, मग टाय रॉड आणि ड्रॅग लिंक, पाट्यांचे बुश आणि सगळ्यात शेवटी स्टिअरिंग बॉक्स. बॉक्सचा स्क्रू आवळून खालचा ढिलेपणा लपवला तर स्टिअरिंग वळणावरून परत येत नाही आणि बॉक्सही झिजतो. टाय रॉड एंड काढायच्या आधी दिसणारे आटे मोजून ठेवा. नवीन बसवताना नटचं भोक जुळलं नाही तर नट मागे फिरवू नका, पुढे आवळून जुळवा. स्प्लिट पिन दर वेळी नवीच. सगळं झाल्यावर टो-इन बघून घ्या. त्याचं माप तुमच्या गाडीच्या पुस्तकातलंच धरा.

एवढं सविस्तर लिहायचं कारण, ही गाडी नुसते क्रेट नेत नाही. मागे मजूर बसतात, बायामाणसं बसतात. बसवू नयेत, पण बसतात हे आपल्याला माहीत आहे. घाटात टाय रॉड निसटला तर दोन चाकं दोन दिशांना जातात, आणि मग ब्रेक कितीही चांगला असला तरी गाडी ताब्यात राहत नाही. नव्या गाडीचं कर्ज काढणं प्रत्येकाला झेपत नाही. जुनी गाडी चालवण्यात कमीपणाही नाही. फक्त ती पुढून घट्ट असली पाहिजे.

आमच्या गाडीचे बुश लेथवाल्याकडे रीम व्हायला गेलेत. पाऊस लागायच्या आत तुम्हीही एकदा गाडी उचलून चाक हलवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.