कचरा, लिटरच्या हिशेबानं

विकत आणलेली वस्तू फेकून देण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे. पण फेकून देण्यासाठीही एक वस्तू विकत आणावी लागते, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, दक्षिण कोरियातल्या सोल शहरात कळलं.

दोन महिन्यांसाठी लेकीकडे राहायला गेलो होतो. तिसऱ्याच दिवशी ती म्हणाली, “बाबा, खालच्या दुकानातून वीस लिटरच्या दहा आणाल? चिठ्ठी लिहून देते.” मला वाटलं, दुधाचे कॅन असतील. बासुंदीचा बेत दिसतोय, अशा खुशीत मी खाली उतरलो. दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. एकेकीला जवळजवळ पाचशे वॉन, म्हणजे आपले तीसेक रुपये! वर त्या वॉर्डाचं नाव छापलेलं. घरी येऊन विचारलं, “यात काय भरायचं?”

“कचरा,” लेक म्हणाली.

बासुंदी तिथंच नासली.

मग जावईबापूंनी मला इतिहास सांगितला. हा सद्गृहस्थ इंजिनियर आहे, त्यामुळे साधं मीठ मागितलं तरी ते मिठागरापासून सुरुवात करतात. 1995 पूर्वी कोरियात कचऱ्याचे पैसे घराच्या आकारावर किंवा मालमत्तेच्या करावर ठरत. म्हणजे आपल्या घरपट्टीसारखाच मामला. टोपलीभर टाका की ट्रकभर टाका, पावती तेवढीच. अमर्याद थाळीवर बसलेला माणूस कधी पुऱ्या मोजतो का? तसंच झालं. सोलचा कचरा 1978 पासून हान नदीतल्या नांजीदो नावाच्या बेटावर ओतला जात होता. कधी काळी तिथं भुईमुगाची शेती होती म्हणे. 1993 मध्ये ते बंद केलं, तेव्हा तिथं कचऱ्याचे दोन डोंगर उभे होते. उंची नव्वद मीटरच्या वर! पुणेकरांनी आपली पर्वती डोळ्यांपुढे आणावी आणि ती पेशव्यांनी नव्हे, आपण सगळ्यांनी मिळून पंधरा वर्षांत उभी केली असं समजावं. त्या डोंगरावर झोपड्या बांधून माणसं राहत होती. पत्रा, प्लॅस्टिक, कागद वेचून पोट भरत होती. आता तिथं सुरेख बाग आहे, 2002 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी उघडलेली. आम्ही पाहायला गेलो. वर उंच रुपेरी गवत डोलत होतं, जोडपी फोटो काढत होती. पायाखाली एका शहराचं पंधरा वर्षांचं उष्टंखरकटं पुरलेलं आहे, असं कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

तर 1 जानेवारी 1995 पासून देशभर नवा नियम आला. कचरा सरकारी पिशवीतूनच टाकायचा आणि पिशवी विकत घ्यायची. कागद, बाटल्या, डबे मात्र वेगळे करून दिले तर फुकट नेणार. झालं! रातोरात लोकांना रद्दीचं प्रेम सुटलं. माणशी रोजचा कचरा 1994 मध्ये 1.33 किलो होता, तो 1995 मध्ये 1.07 किलोवर आला. सगळाच पराक्रम पिशवीचा नव्हे. घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या जाऊन गॅस येत होता, त्यामुळे राखही घटत होती. पण पिशवीचा वाटा मोठा.

हे ऐकून माझ्यातला मध्यमवर्गीय जागा झाला. कचरा कमी करण्यापेक्षा पिशवीत जास्त मावला तर? दुसऱ्या दिवशी मी पिशवी न्हाणीघरात नेली आणि तिच्यावर उभा राहून तांडव सुरू केलं. आवाज ऐकून जावई धावत आले. मला वाटलं, आता काय ऐकून घ्यावं लागतंय! तर ते हसून म्हणाले, “बाबा, हा नाच जुना आहे. याला अमेरिकेत नावसुद्धा आहे.”

सिअ‍ॅटल शहरानं 1981 मध्येच डब्यांच्या हिशेबानं पैसे घ्यायला सुरुवात केली होती. लोक डब्यात उभे राहून कचरा तुडवू लागले, म्हणून त्याला ‘सिअ‍ॅटल स्टॉम्प’ म्हणायला लागले. पुढे व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल गावानं 1992 मध्ये पिशवीमागे 80 सेंट लावले. तेव्हा दोन अर्थशास्त्रज्ञांनी पंचाहत्तर घरांचा कचरा आधी आणि नंतर चक्क तोलून पाहिला. आकारमान 37 टक्क्यांनी घटलं होतं, वजन फक्त 14 टक्क्यांनी! बाकीचं पायांचं काम. शिवाय काही कचरा गुपचूप दुसरीकडे टाकला गेला असावा, असाही त्यांना संशय होता. थोडक्यात, माणूस इथूनतिथून सारखाच. सोलमध्येही लोक घरचा कचरा रस्त्यावरच्या टोपल्यांत कोंबू लागले, तेव्हा शहरानं त्या टोपल्याच उचलल्या. परिणामी मी एका रविवारी केळ्याचं साल खिशात घालून चार तास शहर पाहिलं.

पण खरी फजिती खरकट्यानं केली. अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरायला तिथं 2005 पासून बंदी आहे आणि 2013 पासून त्याचेही पैसे मापानं पडतात. इमारतीखाली एक यंत्र आहे. कार्ड दाखवलं की झाकण उघडतं, टाकलं की वजन होतं आणि बिल चढतं. त्यातही सोवळं-ओवळं आहे. जनावराला खाता येईल तेच त्यात टाकायचं. हाडं, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, कांद्याची सालं सगळं पिशवीत. आमच्या सौ.नं पाहुण्यांसाठी सढळ हातानं मसालेभात केला होता आणि तो सढळपणेच उरला. मी तो यंत्रात ओतला. आकडा उमटला, 1.4 किलो. मागे शेजारच्या कोरियन आजीबाई आपली वाटीएवढी पुरचुंडी घेऊन उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या किंचित वाकल्या. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ हे जन्मभर म्हणत आलो, पण त्या ब्रह्माचं वजन मी प्रथमच पाहिलं. पैसे क्षुल्लक होते. आकडा मात्र लागला. रात्री सौ. नुसतं एवढंच म्हणाली, “माझी सासू असती तर सकाळी त्याची थालीपीठं झाली असती.”

खरंच होतं. आईच्या घरात कचऱ्याला पैसे पडत नव्हते, उलट मिळत होते. रद्दीवाला तोलून घेई, जुन्या लुगड्यांवर बोहारीण पातेलं देई. केराच्या टोपलीत उरायचा तो फक्त केर. कुठलाही कायदा नव्हता, फक्त दारिद्र्य होतं, आणि ते कोणत्याही यंत्रापेक्षा चोख मोजतं. आता बरे दिवस आले आणि माप गेलं.

पुण्यात आमच्याकडे रोज सकाळी कचरावेचक ताई येतात. 2008 मध्ये त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली, ‘स्वच्छ’ नावाची. आपण घरामागे महिन्याला ठरलेली रक्कम देतो. टोपलीभर द्या की पोतंभर, पैसे तेच. म्हणजे लिटरचा हिशेब आमच्याकडे नाही असं नाही. तो आहे, पण आमच्या खिशात नाही. त्यांच्या खांद्यावर आहे. इतक्या वर्षांत माझ्या हे लक्षात यायला मला सोलला जावं लागलं, याची लाज वाटली.

परत आल्यावर आम्ही मसालेभात मोजून करतो, रद्दी वेगळी देतो. मी पिशवीवर नाचत नाही. महिनाभरानं ताईंनी बादली हातात घेतली, जरा हलवून पाहिली आणि काळजीनं विचारलं, “काका, हल्ली घरात जेवत नाही का?”

वॉनमध्ये त्याची किंमत सांगता येणार नाही, पण माझ्या कचऱ्याला मिळालेली ती पहिली शाबासकी.